चोपन्न पायऱ्या, चार जेट्ट्या

सकाळी ६.१५
टेम्पो गल्लीत शिरता शिरत नाही. चौदा फुटी आयशर आणि डोंबिवली पूर्वेची आमची गल्ली. क्लीनर उतरतो, तीन दुचाक्या उचलून बाजूला ठेवतो, चौथीचा मालक शोधायला वॉचमनला उठवतो. मग टेम्पो उलटा घेतात. मागचा फाळका जिन्याच्या तोंडाकडे. मुकादम जिन्यापासून फाळक्यापर्यंत पावलं टाकतो. अकरा. "अजून दोन पावलं मागं घे," तो ड्रायव्हरला सांगतो. ड्रायव्हर कुरकुरतो, पण घेतो. ओझं डोक्यावर असताना दोन पावलं म्हणजे काय, ते मुकादमाच्या गुडघ्यांना ठाऊक आहे.

इमारतीला लिफ्ट नाही. तिसरा मजला. चोपन्न पायऱ्या.

सकाळी ६.५०
मी दुसऱ्या मजल्यावर राहते. आज माझ्याकडे एकच काम: तिसऱ्या मजल्यावरच्या छकुलीला हमालांच्या पायात येऊ द्यायचं नाही. ती पावणेदोन वर्षांची आहे. दार उघडं दिसलं की धावते.

तिच्या बाबांची रत्नागिरीला बदली झाली. ते बँकेत आहेत. इथल्या भाडेकराराचा आज, ३० नोव्हेंबरला, शेवटचा दिवस. तिथली जागा ठरली आहे, पण रंगारी आत आहेत. मागची खोली सुकली, बाकीच्यांना एक हात बाकी. सामान मागच्या खोलीत राहील. माणसं राहतील, पण ताज्या रंगाच्या वासात एवढं लेकरू कसं ठेवणार? लॉजवर राहायचं तर रोजचे दोन हजार. छकुलीच्या आईने मग हिशेब मांडला. तेच दोन हजार रोज मोजायचे तर ते वाटेत मोजू. सामान हायवेने जाईल, आपण समुद्राच्या कडेने जाऊ. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर. रंग वाळेपर्यंत पोचू.

तिच्या हातात शंभर पानी वही आहे. डाव्या पानावर सामानाची यादी, उजव्यावर रस्ता.

सकाळी ७.३०
मुकादमाबरोबर चार पोरं. दोन पाटणकडची, दोन परभणीची. वर आल्या आल्या कोणी काही उचलत नाही. आधी खोकी उभी करायची. पुठ्ठ्याची घडी उलगडायची, बुडाला टेप आडवी, मग उभी, मग पुन्हा आडवी. टेप दातांनी तोडतात. कात्री आहे, पण ती सारखी हरवते. एक जण नुसतीच रद्दी चुरगाळत बसलाय. काचेच्या भांड्यांना तीच लागते, बबल रॅप महाग पडतो. बबल रॅप टीव्हीला, मिक्सरच्या भांड्यांना आणि देवघराच्या काचेला. बाकीच्यांना लोकसत्ता.

मुकादम खोल्यांतून एक फेरी मारतो. हात लावत नाही, नुसतं बघतो. कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन पलंग, सोफा, पुस्तकं. पुस्तकांपाशी जास्त वेळ थांबतो.

"गॅस?" तो विचारतो.

"एजन्सीत जमा केला. कागद घेतलाय."

"बरं केलं. भरलेला सिलिंडर मी चढवत नाही."

सकाळी ८.४०
स्वयंपाकघर. सगळ्यात वेळखाऊ खोली. ताटं उभी भरतात, आडवी नाही. आडव्या ताटांवर वजन आलं की वाकतात, काचेच्या बशा तर तडकतातच. डबे रिकामे करायचे नाहीत, झाकणाला टेप मारायची. डाळ, तांदूळ, पोहे तसेच जातात. तेल, लोणचं मात्र नाही. लोणच्याची बरणी माझ्याकडे आली.

ओट्याच्या एका कोपऱ्यात छकुलीच्या आईने ओढणी पसरली आहे. ओढणीवर ठेवलेलं कोणी भरायचं नाही. त्यावर लहान कुकर, विजेची किटली, भाजलेल्या तांदूळ-मुगाच्या डाळीचा रवा, नाचणीचं सत्त्व, मेतकूट, तुपाची बाटली, दोन चमचे, एक वाटी, ताप मोजायची काडी, तापाचं औषध, ओआरएसच्या पुड्या. हे सगळं गाडीत.

"वाटेत मिळेल की जेवण," छकुलीचे बाबा म्हणतात.

"आपल्याला मिळेल. तिला बिनतिखटाचं, गरम, साडेबाराला हवं. साडेबाराला आपण केळशीच्या अलीकडे कुठेतरी वळणावर असू."

बाबा गप्प होतात आणि थर्मास आणून ओढणीवर ठेवतात.

सकाळी १०.००
चहा. कटिंगचे दहा रुपये, आठ जणांचे ऐंशी. चहा पिताना पोरं भिंतीला टेकून पाय लांब करतात. मुकादम उभ्यानेच पितो. बसलो की उठवत नाही, म्हणतो. त्याला पन्नाशी जवळ आली आहे.

सकाळी १०.२०
पुस्तकं. परभणीचा एक पोरगा मोठ्या खोक्यात थर लावायला लागतो. मुकादम ते खोकं पायाने सरकवतो.

"पुस्तकाला ल्हान खोकं घ्यायचं. किती वेळा सांगितलं? मोठ्यात उशा, पांघरुणं, खेळणी भर. जड वस्तूला ल्हान खोकं. मोठं भरलं तर भरशील, पण उचलणार कोण? आणि जिन्यात बूड फाटलं की सगळं खाली."

छकुलीची आई दारात उभी होती. तिने वहीचं उजवं पान उघडलं. दुसऱ्या दिवसाखाली लिहिलं होतं: मुरूड, आगरदांडा जेट्टी, दिघी, दिवेआगर, शेखाडीचा रस्ता, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला जेट्टी, वेश्वी, केळशी, आंजर्ले, हर्णै. एका दिवसात दोन खाड्या. नकाशात हे अंतर काहीच वाटत नाही. बोटाने एका रेषेत जाता येतं. पण रस्ता प्रत्येक खाडीला अडतो, जेट्टीच्या, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीच्या, रांगेत गाडी उभी राहते, नेमकं तेव्हा लेकरू जागं होतं.

तिने हरिहरेश्वरच्या पुढे रेघ मारली. खाली नवा दिवस. मुक्काम श्रीवर्धन. बागमांडल्याची जेट्टी तिसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या दमाने.

"एक रात्र वाढली," बाबा म्हणाले.

"हजर आठ तारखेला व्हायचंय ना? दोन हजार वाढतील. रंगही चांगला वाळेल."

मला तिचं हे पटलं. लहान मुलांबरोबरच्या बहुतेक सहली जागा चुकल्यामुळे नाही, दिवस गच्च भरल्यामुळे बिघडतात.

सकाळी ११.१५
छकुलीची झोपायची वेळ. वर टेपचा आवाज, म्हणून ती माझ्याकडे. अर्धा तास डोळे उघडेच. मांडीवर घेऊन येरझारा घातल्या तशी पावणेबाराला झोपली.

ही झोप म्हणजे सगळ्या आखणीचा कणा. आई रोजची वेळ टिपून ठेवते: साधारण अकरा ते साडेबारा. गाडी चालू असली तर पंधरा मिनिटं जास्तच. म्हणून लांबचा टप्पा अकरानंतर. जेट्टी त्या वेळात येता कामा नये, कारण इंजिन बंद झालं की ती दचकून उठते. जेट्टी आणि समुद्र जागेपणी, रस्ता झोपेत. पहिला दिवस असा बसवला आहे: पहाटे पाचला झोपेतच उचलायची. शिळफाट्याने पनवेल, पेण. वडखळला उजेड. दूध तिथे. दूध पाजून लगेच गाडी हलवायची नाही, अर्धा तास तिला पायी चालवायचं, नाहीतर गाडी लागते. मग अलिबाग. साडेदहापर्यंत वाळूत. अकराला पुन्हा गाडी. रेवदंडा, काशीद, मुरूड, सुमारे पन्नास किलोमीटर. जागी होईल तोवर मुरूड.

दुपारी १२.१०
आता उतरवणं सुरू. आधी खोकी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर खोकं, एक हात वर, एक हात कठड्याला. उतरताना हमाल टाच आधी टेकवत नाही, पाऊल आडवं टाकतो. वर जाताना रिकाम्या हाताने धावत. जिन्यात एकच नियम: भरलेल्याला वाट द्यायची. पहिल्या मजल्यावरच्या आजी काठी घेऊन दारात उभ्या. त्यांना खाली जायचंय. पोरं त्यांना हात देऊन उतरवतात, मग पुन्हा चढतात.

खाली मुकादम प्रत्येक खोक्यावर नंबर घालतो आणि छकुलीच्या बाबांकडून यादीवर खूण करून घेतो. नग सोळा, भांडी. नग सतरा, पुस्तकं. "नग मोजून दिले की रात्री झोप लागते," तो म्हणतो.

दुपारी १२.५५
फ्रिज. रात्रीच बंद करून, पुसून, दार उघडं ठेवलेला. आडवा करायचा नाही. परभणीचा धाकटा पट्टा खांद्यावरून घेतो. तो पंचवीसचा असेल, अंगाने काटक. पट्टा फ्रिजच्या बुडाखालून जातो, फ्रिज पाठीवर. पाटणचा एक खालून तोलतो.

"धर. सोड. हळू. वळव. थांब, थांब. कठडा."

वळणावर फ्रिज आणि भिंत यांच्यात चार बोटं जागा. पाटणच्या पोराची बोटं तिथेच. तो श्वास रोखून एक पायरी खाली जातो. तीन मजले, सहा वळणं. खाली पोचल्यावर धाकटा पट्टा काढतो तेव्हा खांद्यावर पट्ट्याएवढी लाल रेघ. पाणी मागतो. अर्धी बाटली पितो, अर्धी डोक्यावर ओततो.

"रत्नागिरीला उतरवल्यावर लगेच चालू करू नका," मुकादम सांगतो. "चार तास उभा राहू दे."

वॉशिंग मशीनच्या ड्रमला मागून चार बोल्ट लागतात, नाहीतर वाटेत ड्रम आतल्या आत आपटतो. बोल्ट सापडत नाहीत. घरातलं सगळं काम दहा मिनिटं थांबतं. छकुलीच्या आईला आठवतं, गॅरंटी कार्डाच्या पिशवीत. तिथेच असतात.

दुपारी २.००
जेवण. नाक्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून. चार पोळ्या, उसळ, भात, ऐंशी रुपये ताट. जिन्याखाली वर्तमानपत्र पसरून.

मुकादमाचे वडील मशीद बंदरला माथाडी टोळीत होते. १९६९चा कायदा झाला, बोर्ड आलं, नोंदणी झाली, पगार बोर्डातून मिळायला लागला. बोनस होता, रजा होती, दवाखाना होता. "बाबा म्हातारपणी सुखाने गावाला गेले," तो म्हणतो. त्याच्या टोळीतल्या पोरांना रोजंदारी. नऊशे रुपये, तिसऱ्या मजल्याचे माणशी शंभर वर. महिन्यात काम पंधरा-वीस दिवस. महिनाअखेर आणि पहिली तारीख या दिवसांत तीन-तीन बोलावणी, मधल्या आठवड्यात एकही नाही. पावसाळ्यात तर नाहीच.

परभणीच्या धाकट्याने समुद्र पाहिला आहे का, मी विचारते. दादर चौपाटी, एकदा. काम करायला आला होता, कपाट होतं, सहावा मजला.

दुपारी ३.३०
कपाट सुटं करून उतरवलं. पलंगाच्या फळ्या सुतळीने बांधल्या. स्क्रू एका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी फळीलाच टेपने चिकटवलेली. हे मला फार आवडलं. स्क्रू वेगळ्या खोक्यात गेले की पलंग आठवडाभर भिंतीला टेकून राहतो.

दुपारी ४.२०
छकुली दुसऱ्यांदा पेंगुळली आणि गोधडी सापडेना. पणजीने शिवलेली, एका कडेला निळा काठ. तो काठ बोटांत धरल्याशिवाय तिला झोप येत नाही. ओढणीवर ठेवली होती. ओढणी आहे, गोधडी नाही. छकुली रडायला लागली, आईचा चेहरा उतरला. चार रात्री परक्या घरांत काढायच्या आणि गोधडी नाही.

मुकादमाने पोरांना हाक मारली. पाटणच्या धाकट्याने खाली मान घालून सांगितलं, टीव्हीला गुंडाळली. जुनी दिसली म्हणून. टीव्ही चढलेला, त्याच्यापुढे सोफा, सोफ्यापुढे अकरा खोकी.

मुकादम स्वतः हौद्यात चढला. अकरा खोकी फाळक्यावर आली. सोफा उभा केला. टीव्हीवरची दोरी सोडली, गोधडी काढली, टेम्पोतली स्वतःची चादर टीव्हीला गुंडाळली, पुन्हा दोरी, पुन्हा सोफा, पुन्हा खोकी. पस्तीस मिनिटं. पोराला तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "ओढणीवरचं कशाला उचललंस?"

"चादरीचे किती?" बाबांनी विचारलं.

"ड्रायव्हर परत आणतो की."

संध्याकाळी ६.१०
घर रिकामं. भिंतीवर कपाटाच्या जागी उजळ चौकोन. छकुली त्या मोकळ्या हॉलमध्ये धावते. आवाज घुमतो म्हणून ओरडून बघते. घरमालक येतात, नळ सोडून बघतात, पंखे फिरवून बघतात. एका खिडकीची कडी तुटली आहे, तिचे तीनशे डिपॉझिटमधून कापतात. बाकी चेक देतात.

देव शेवटी निघतात. टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख. पितळी डब्यात, मऊ कापडात. ते टेम्पोतून जात नाहीत, गाडीतून जातील, पुढच्या सीटखाली. म्हणजे देवही श्रीवर्धनमार्गे.

संध्याकाळी ७.००
ड्रायव्हर चिपळूणचा. ताडपत्री आवळता आवळता तो रस्ता सांगतो, छकुलीची आई लिहून घेते. त्याचा रस्ता वेगळा: पेण, माणगाव, महाड, कशेडीच्या बोगद्यातून खेड, चिपळूण, संगमेश्वर, हातखंब्याला उजवीकडे. सकाळी सातपर्यंत सामान रत्नागिरीत छकुलीच्या मामांच्या हवाली. पण सागरी रस्ताही त्याला पाठ आहे.

"टाकी श्रीवर्धनला भरा. पुढे दापोलीपर्यंत भरवसा धरू नका. जेट्टीला रोख ठेवा, रेंज नसते. अंधार पडायच्या आत खाडी ओलांडा. दाभोळला उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, गिअर खाली टाका. आणि जेट्टीवर गाडीत बसून राहू नका, लेकराला घेऊन उतरा, वारं लागू दे. तिला तेच लक्षात राहील."

चार जेट्ट्या आहेत वाटेत. आगरदांडा ते दिघी, मग सावित्रीवर बागमांडला ते वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, शास्त्रीवर तवसाळ ते जयगड. छकुलीच्या बाबांना जंजिराही करायचा होता. राजपुरीहून शिडाची होडी, मग हलत्या होडीतून किल्ल्याच्या पायऱ्यांवर पाय टाकायचा. आईने ते खोडलं. मग खोडलेल्याच्या शेजारी लिहिलं: बाबा एकटे, सकाळी, आम्ही वाळूत.

टेम्पोचं भाडं सतरा हजार. जातानाचं आणि येतानाचं डिझेल, टोल, क्लीनर सगळं त्यात. एप्रिल-मेमध्ये परतीला आंब्याच्या पेट्या मिळतात. नोव्हेंबरात टेम्पो रिकामा परततो.

रात्री ८.२०
एकाहत्तर नग. मुकादम वाचतो, बाबा खूण करतात. एकाहत्तर भरतात. बिल्टीवर सही. फाळका बंद, साखळी, कुलूप. टेम्पो गल्लीतून बाहेर पडायला पुन्हा त्याच तीन दुचाक्या उचलाव्या लागतात.

रात्री ८.४५
पैसे जिन्याच्या पायरीवर वाटले जातात. एकूण एकतीस हजार. सतरा टेम्पोचे. साडेतीन हजार खोकी, टेप, रॅप. अडीच हजार रत्नागिरीला उतरवणाऱ्यांचे. चार पोरांचे चार हजार. दीड हजार फोनवरून गिऱ्हाईक देणाऱ्याला. राहिले अडीच हजार, ते मुकादमाचे. नोटा तो दोनदा मोजतो आणि पोरांना समोर मोजायला लावतो. छकुलीच्या बाबांनी वर पाचशे दिले. त्यातले दोनशे मुकादमाने परभणीच्या धाकट्याला दिले, फ्रिजचे.

लगेच फोन वाजतो. उद्या आठ वाजता, ठाकुर्ली, दुसरा मजला. "लिफ्ट आहे का?" तो विचारतो. आहे. पोरं बॅगा उचलून स्टेशनकडे निघतात.

रात्री ९.१०
छकुली माझ्या पलंगावर, निळा काठ मुठीत. तिची आई वही घेऊन बसली आहे. पेट्रोल, चार मुक्काम, जेट्ट्यांचे हजार-बाराशे, नाश्ता, जेवण. बेरीज सोळा हजारांवर जाते. ती दोन ठिकाणी जेवण कापते, पुन्हा लावते. मग मुरूडच्या घरगुती मुक्कामाच्या काकूंना फोन करते. स्पीकर चालू.

"काकू, उद्या साडेबारा-एकपर्यंत पोचू. लहान मुलगी आहे. वरण-भात मिळेल का? तिखट नको."

"मिळेल गो. केवढी आहे?"

"पावणेदोन वर्षांची. चालते, धावते."

"मग ओटीवरचा झोपाळा वर बांधून ठेवू काय? मागे एका पाहुण्यांच्या मुलाला कपाळाला लागला."

"बांधून ठेवा काकू. आणि विहिरीला कठडा आहे ना?"

"कठडा आहे, वर जाळीपण आहे. पाण्याचा हौद मात्र उघडा. त्यावर फळी टाकते."